वाचकांचे प्रश्न : जमिनीने माणूस घडवला की माणसाने जमीन?

माणूस आणि त्याचा परिसर एकमेकांना कसे घडवतात, या विषयावर आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे विदर्भातील खेड्यांमधून आली, म्हणून या वेळचे सदर त्याच भागापुरते ठेवले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या गावचा मामा (माजी मालगुजारी) तलाव पूर्वी उन्हाळ्यातही पूर्ण आटत नसे. पुढे तो गाळाने भरला आणि काठावर बेशरमाची झुडपे माजली. अलीकडे यंत्र लावून खोलीकरण झाले. पाणी वाढले असे सांगतात, पण मासळी घटली आणि हिवाळ्यात येणारे पक्षीही दिसत नाहीत. तलाव बिघडला की गाव बिघडले? (तालुका अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया)

उत्तर : आपल्या प्रश्नाच्या शेवटच्या वाक्यात जे दोन पर्याय आहेत, ते मला वेगळे वाटत नाहीत; कारण आपल्या भागातील तलाव हा निसर्गाने दिलेला नसून गावाच्या व्यवस्थेचाच एक भाग म्हणून जन्माला आला आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर जिल्ह्याचा पूर्व भाग मिळून सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत, आणि त्यांतील बहुतेक हातांनी घातलेल्या मातीच्या पाळीवर उभे आहेत. आपल्या शेजारचा नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय पाहणाऱ्या पर्यटकाला ते नैसर्गिक सरोवर वाटते. परंतु तो अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांमधील खिंडी बांधून तयार केला, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. जो तलाव बांधेल त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन मिळेल, असा चांद्याच्या (चंद्रपूरच्या) गोंड राजांचा शिरस्ता असल्याचे परंपरा सांगते, आणि कोहळी समाजाने या बांधणीत जे कौशल्य मिळवले ते आजही त्या समाजाच्या ओळखीचा भाग आहे.

हे तलाव येथेच का झाले आणि वऱ्हाडात का झाले नाहीत, याचे उत्तर जमिनीत आहे. वऱ्हाडातील काळी माती बेसाल्टच्या झिजेतून तयार झालेली, खोल आणि चिकण. ती पावसाचे पाणी महिनोन्महिने धरून ठेवते, म्हणजे तेथे मातीच तलावाचे काम करते. पूर्वेकडे जुना कठीण खडक, त्यावर पातळ माती आणि हलका उतार. पाऊस वऱ्हाडापेक्षा कितीतरी अधिक, वर्षाला साधारण 1200 ते 1500 मिलिमीटर. तरीही तो बहुतेक चार महिन्यांत पडून वाहून जातो, आणि दाणा भरण्याच्या वेळी, म्हणजे सप्टेंबरच्या अखेरीस व ऑक्टोबरमध्ये, धानाला नेमका तो पुरत नाही. तलाव बांधला गेला तो या तीन-चार आठवड्यांच्या गरजेसाठी. म्हणजे जमिनीने प्रश्न घातला, हे खरे. मात्र त्याचे उत्तर जमिनीने दिले नाही. तेवढाच पाऊस आणि तसाच खडक असलेल्या अन्य मुलखांत लोकांनी वेगळी उत्तरे शोधली आहेत.

एकदा तलाव झाल्यावर मात्र त्याने गावाला बदलायला सुरुवात केली. पाळीखालच्या बांध्या धानाच्या झाल्या, त्यांच्या वर बोड्या, म्हणजे लहान तळी, झाली, वरच्या तलावाचे जादा पाणी खालच्या तलावात जाईल अशी साखळी तयार झाली. पाणी कोणाच्या बांधीत आधी सोडायचे हे ठरवणारा माणूस लागला, पाळीला उंदराचे किंवा खेकड्याचे बीळ पडले तर ते त्याच दिवशी बुजवणारा माणूस लागला. धीवर समाजाची मासेमारी, शिंगाडा, कमळकंद, काठावरची गुरे आणि पाणी उतरेल तसतशी होणारी गाळपेर हे सगळे त्या पाण्याच्या चढउताराशी जुळवून घेत घडले. शेतकऱ्याने दरवर्षी तलावातील गाळ बैलगाडीने वावरात नेला, तो तलावासाठी नव्हे, स्वतःच्या पिकासाठी. पण त्यातून तलाव आपोआप साफ राहिला. काम करणाऱ्याचा फायदा आणि तलावाचे आरोग्य एकाच कृतीत गुंफलेले होते, आणि माझ्या मते या व्यवस्थेचे मर्म एवढेच आहे.

मध्य प्रदेशाच्या 1950 च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजाराची मालकी, संपली आणि 1951 मध्ये तलाव सरकारकडे गेले. मालगुजारी परत यावी असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. पाळीवरच्या मातीत बेगारीचा घामही मिसळलेला आहे आणि पहिले पाणी कोणाच्या शेतात जात असे हेही गावाला माहीत होते. परंतु मालक गेल्यावर राखणदारीचे काय, हा प्रश्न कायद्याने नीट सोडवला नाही. तलावाचे पाणी फुकट वापरण्याचा हक्क निस्तारपत्रकात, म्हणजे गावाच्या सामाईक हक्कांच्या नोंदीत, लिहिलेला असताना पाणीपट्टी मागितली गेली, त्यावरून वाद झाले, पाळीची दुरुस्ती एका खात्याकडे, मासेमारीचा ठेका दुसरीकडे आणि काठावरच्या जमिनीचा कारभार तिसरीकडे असे तुकडे पडले. त्याच सुमारास रासायनिक खत आले आणि गाळाची गाडी थांबली. गाळ साचला, पाणी उथळ झाले, उथळ चिखलात बेशरम रुजली. अमेरिकेतून आलेली ही वनस्पती गुरे खात नाहीत आणि तोडली तरी पुन्हा फुटते. कुंपणासाठी लोकांनीच ती हौसेने लावली होती.

आता खोलीकरणाविषयी. तलावाचा तळ एकसारखा खोल नसतो; काठाकडे तो ताटलीसारखा पसरट असतो आणि मध्ये खोल होत जातो. त्या पसरट भागात देवधानासारखी जंगली भाताची जात, लव्हाळे, पाण्याखाली वाढणाऱ्या आणि तरंगणाऱ्या वनस्पती असतात. मरळ, मागूर यांसारखे देशी मासे तेथे आसरा घेतात आणि पिले वाढवतात. हिवाळी बदकांचे खाद्यही तेथेच असते. यंत्राने सरळ कडा कापून तळ सपाट खोल केला तर घनमीटरच्या हिशेबात पाणी वाढते, पण तलावाचे रूपांतर खड्ड्यात होते. त्यात कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडता येते. जोडीला गवत्या मासा सोडला, तर उरलेली वनस्पतीही तो फस्त करतो. आपण जे पाहत आहात ते याच क्रमाने घडलेले असावे. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना 2017 मध्ये आली, आणि गाळ शेतात नेण्याची जुनी रीत पुन्हा सुरू करण्याचा तिचा हेतू चांगलाच आहे; फक्त कोठे खोदायचे आणि कोठे मुळीच खोदायचे नाही, हे यंत्र चालवणाऱ्यावर सोडता कामा नये.

आपल्याच तालुक्याच्या परिसरात धीवर समाजातील स्त्री-पुरुषांनी काही तलावांत बेशरम मुळासकट उपटून, उन्हाळ्यात तळाचा उथळ भाग नांगरून, त्यात शेजारच्या तलावांतून आणलेल्या देशी पाणवनस्पती लावल्या आहेत. त्यानंतर तेथे देशी मासे वाढल्याचा त्यांचा अनुभव आहे. कोणती वनस्पती कोणत्या माशाच्या कामाची, हे ज्ञान त्यांच्याकडे आधीपासून होते. संस्था आणि अभ्यासक नंतर आले. आपल्या ग्रामसभेने पुढचे खोलीकरण ठरवण्यापूर्वी त्या लोकांना बोलवावे, एवढे मी आग्रहाने सुचवीन.

प्रश्न : माझ्या वडिलांच्या वेळी आमच्या निम्म्या वावरात ज्वारी असायची. मी ती पुन्हा पेरून पाहिली, पण पाखरे आणि रानडुकरांनी कणीस शिल्लक ठेवले नाही. शिवारात सगळीकडे पऱ्हाटी (कापूस) आणि सोयाबीन. शेजारी हसतात. ज्वारी लावा, माती सुधारेल, असे सांगणारे पुष्कळ भेटतात; एकट्याने ती लावायची कशी, हे कोणी सांगत नाही. (तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ)

उत्तर : आपले शेजारी हसतात त्यात त्यांचा दोष कमी आहे, कारण शिवार बदलल्यामुळे आपला निर्णय आज खरोखरच तोट्याचा ठरतो आणि काल तो ठरत नव्हता. शंभर एकरांत ज्वारी असते तेव्हा पाखरांचा वाटा शंभर एकरांवर पडतो आणि कोणालाही जाणवत नाही. एकाच वावरात ती असते तेव्हा पंचक्रोशीतील पाखरे त्या एका वावराला मुक्कामी येतात. म्हणून ज्वारी सोडणारा प्रत्येक शेतकरी, उरलेल्या ज्वारीवाल्याचे नुकसान थोडे वाढवतो; शेवटी उरतो तो आपल्यासारखा एकटा, आणि तोही सोडतो. यात कोणीही मूर्खपणा केलेला नसतो.

ज्वारी मागे का पडली याला अनेक कारणे मिळाली. संकरित ज्वारीचा पहिला वाण 1964 मध्ये आला. त्याने उत्पादन वाढवले, पण बुटक्या धाटाचा कडबा कमी निघाला आणि कापणीच्या वेळी पाऊस आला की दाणा काळा पडून भाव जाऊ लागला. रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागला. सोयाबीन सुमारे शंभर दिवसांत हाती पैसा देऊ लागले. पूर्वी गोफण घेऊन मचाणावर बसणारी मुले शाळेत गेली, आणि ती गेली हे उत्तमच झाले. पण ज्वारीबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर गुरे कमी झाली, गुरांबरोबर शेणखत गेले, आणि शेणखत नसलेली काळी माती पावसात अधिक चिकट व उन्हात अधिक टणक होत गेली. नांगरटीला मग ट्रॅक्टर लागला, ट्रॅक्टर आल्यावर बैल ठेवण्याचे कारण उरले नाही. या साखळीची सुरुवात कोठे झाली हे शोधत बसण्यात फारसा अर्थ नाही. तिचे प्रत्येक टोक दुसऱ्याला ओढते. रोही (नीलगाय) आणि रानडुकरे यांना तर पऱ्हाटी-तुरीच्या दाट आडोशात आणि पडीक धुऱ्यांवर लपायला जागा मिळाली, आणि त्यांना खाणारे प्राणी शेतशिवारात उरले नव्हते.

आपण कापसाचा उल्लेख ओझरता केला आहे, पण माणूस आणि परिसर यांच्या या देवघेवीचे सर्वांत स्पष्ट उदाहरण तेथेच आहे. वऱ्हाडात कापूस पूर्वीपासून होता. परंतु 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेल्यानंतर, अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात वाढलेल्या मागणीने आणि 1867 मध्ये नागपूरपर्यंत आलेल्या रेल्वेने त्याचे क्षेत्र आणि त्याचा धंदा दोन्ही फुगले. खामगावची रेल्वेशाखा 1870 मध्ये सुरू झाली ती कापसासाठीच. पीक कोणते घ्यायचे याचा विचार घरच्या कणगीऐवजी लांबच्या बाजाराकडे पाहून होऊ लागला, तो येथपासून.

बीटी कापसाला, म्हणजे ज्याच्या झाडातच बोंडअळीला मारणारे विष तयार होते अशा कापसाला, परवानगी मिळाली 2002 मध्ये. सुरुवातीला बोंडअळीवरची फवारणी कमी झाली हे नाकारण्यात अर्थ नाही. या बियाण्याबरोबर कडेने पेरण्यासाठी साध्या कापसाचे वेगळे पाकीट येत असे, कारण त्या साध्या झाडांवर विषाची सवय नसलेल्या अळ्या जगाव्यात आणि त्यांच्या संकरातून प्रतिकारशक्ती पातळ होत राहावी, असा हिशेब होता. बहुतेक शेतकऱ्यांनी ते पाकीट पेरले नाही. जेमतेम पाच एकर असलेल्या माणसाला अळीसाठी तास सोडा म्हणणे सोपे असते, करणे कठीण. शिवाय ओलिताची सोय असलेल्यांनी फरदड घेतली, म्हणजे पीक फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभे राहिले आणि गुलाबी बोंडअळीला उपाशी राहण्याचे महिनेच उरले नाहीत. मुख्यतः कापसावर जगणारी ती अळी. तिला आपण बारा महिने कापूस दिला, आणि बोंडात विष असूनही जगणाऱ्या अळ्यांची पैदास आपल्याच वेळापत्रकाने निवडून काढली. 2017 मध्ये विदर्भात तिने हाहाकार केला, आणि त्याच पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले. आता उलट अळी आपले वेळापत्रक ठरवते: फरदड घेऊ नका, पऱ्हाटीचा ढीग धुऱ्यावर ठेवू नका, हंगामापूर्वी पेरणी नको.

आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर यातूनच निघते. शिवारात ज्वारी एकट्याने परत आणता येणार नाही. लागून असलेल्या वावरांचे चार-पाच शेतकरी एकाच आठवड्यात सलग पट्ट्यात पेरायला तयार झाले, आणि जागल पाळीपाळीने केली, तर पाखरांचे नुकसान विभागले जाते. ओल असेल तेथे रब्बी ज्वारीचा विचार करावा, कारण ती कापणीच्या पावसापासून सुटते आणि तिचा कडबा चांगला असतो. शेजारी पहिल्या वर्षी तयार होणार नाहीत. ज्याच्याकडे अजून दुभती गुरे आहेत आणि जो कडबा विकत आणतो, त्याच्यापासून बोलणे सुरू करावे.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात चर्चा झाली. एक वक्ते म्हणाले की उष्ण हवामान आणि सुपीक जमीन यांमुळे वऱ्हाडी माणूस सुखासीन आणि आळशी झाला. भूगोलाचा हा सिद्धांत खरा आहे का? (विद्यार्थिनी, जिल्हा बुलडाणा)

उत्तर : हवामान माणसाचा स्वभाव ठरवते, असे मानणाऱ्यांचा एक गट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी युरोप-अमेरिकेत प्रबळ होता; एल्सवर्थ हंटिंग्टन हे त्यांतले ठळक नाव. आपापल्या देशाचे हवामानच सर्वोत्तम, असा निष्कर्ष या मंडळींना नेहमी कसा मिळत असे, याचे आश्चर्य करण्यासारखे आहे. फ्रान्सच्या विदाल द ला ब्लाश यांनी त्याच काळात वेगळे मांडले : निसर्ग शक्यता समोर ठेवतो, त्यांतील कोणती घ्यायची हे माणसे आपल्या सवयी, साधने आणि इतिहास यांच्या आधारे ठरवतात. आज अभ्यासक पहिल्या मताला फारसे धरत नाहीत.

आपल्या वक्त्यांना दुसरेही सांगता येईल. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे असताना दुपारी दोन वाजता खेड्यात येणाऱ्याला सगळे गाव झोपलेले दिसते. त्याच गावातील बाया पहाटे चारला उठून, उन्हे चढण्यापूर्वी अर्धा दिवस काम करून आलेल्या असतात. जाड मातीच्या भिंती, कवेलूंची छपरे, सकाळ-संध्याकाळ विभागलेले काम हे उन्हाशी केलेले शहाणे जुळवणे आहे, आणि ते पाहणाऱ्याने पाहण्याची वेळ चुकीची निवडली तर त्यालाच आळस म्हटले जाते. आता घरकुलांची सिमेंटची घरे आणि लोखंडी पत्र्याची छपरे आल्यावर दुपारची ती झोपही घरात नीट लागत नाही, पण हा वेगळ्या पत्राचा विषय आहे. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ म्हणताना त्या जमिनीत राबणारे हात कोणाचे होते आणि सोने कोणाच्या घरी गेले, हे मात्र आपण वर्गात जरूर विचारावे.

प्रश्न : मोहफुले वेचण्यासाठी आमच्याकडे झाडाखालचा पाला जाळतात. वनखात्याचे कर्मचारी म्हणतात, तुम्ही जंगल जाळता. गावातील म्हातारे म्हणतात, हे जंगल आम्हीच राखले. मी दोघांच्या मध्ये अडकलो आहे. (तालुका धानोरा, जिल्हा गडचिरोली)

उत्तर : दोघेही आपापल्या परीने खरे बोलत आहेत. मध्य भारतातील जंगलात मोहाची जी मोठी झाडे दिसतात, ती तेथे इतक्या संख्येने उभी आहेत याचे एक कारण असे की शेतासाठी जंगल साफ करताना लोकांनी इतर झाडे तोडली आणि मोह राखला. फुले, टोळीचे (मोहाच्या बियांचे) तेल, दुष्काळातील अन्न, लग्नकार्य, देवकार्य या सगळ्यांत ज्याचा वाटा आहे ते झाड कोण तोडेल? घराण्याघराण्यांत मोहाची झाडे वाटून घेतलेली असतात, आणि आपल्या वाट्याच्या झाडाची वाळकी फांदीही कोणी उगाच मोडत नाही. त्या अर्थाने म्हाताऱ्यांचे म्हणणे बरोबर आहे.

परंतु दुसरी बाजूही पाहावी. झाडाखालचा पाला दरवर्षी जळतो, बरीचशी टोळ तेलासाठी वेचली जाते आणि जी उरते तिचा कोंब गुरे खातात. त्यामुळे कित्येक ठिकाणी जुनी झाडे भरपूर आणि हाताएवढी रोपे जवळजवळ नाहीत, अशी अवस्था आहे. आजोबांच्या पिढीने राखलेल्या झाडांची फुले आपण वेचतो. नातवांसाठी वेचण्याजोगी झाडे तयार होत नाहीत. पाल्याची आग एका झाडाखाली राहिली तर नुकसान थोडे, पण फाल्गुन-चैत्राच्या वाऱ्यात ती थांबत नाही. पाला झाडून बाजूला करणे किंवा झाडाखाली जाळी अंथरणे हे उपाय अनेक गावांनी सुरू केले आहेत. त्यात कष्ट जास्त आहेत हे खरे. मात्र जाळीवरचे फूल माती न लागलेले मिळते आणि त्याला भाव बरा येतो.

कोणते उपाय टिकतात, हे आपल्याच तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाकडे पाहून कळते. वनहक्क कायदा 2006 मध्ये झाला. त्याखाली 2009 मध्ये या गोंड गावाला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि 27 एप्रिल 2011 रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या हस्ते बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. या दोन तारखा सगळे सांगतात. त्यापूर्वीची दोन-अडीच दशके फार कमी लोक सांगतात : अभ्यासगटात बसून वाचणे, बाहेरच्यांना प्रश्न विचारणे, ग्रामसभेत एकमत होईपर्यंत निर्णय न घेणे, किती बांबू तोडायचा आणि कोठे तोडायचा नाही हे स्वतः ठरवणे. देवाजी तोफा यांच्यासारखी माणसे या सवयीतून पुढे आली, आणि कायद्याने हक्क देण्यापूर्वी जंगलाच्या प्रश्नाने गावाला बैठकीची शिस्त लावली, असे मला वाटते. आपल्या गावालाही सामूहिक हक्क मिळाला असेल, तर आगीचा प्रश्न वनकर्मचारी आणि गाव यांच्या भांडणातून उचलून ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर आणण्याचे काम आपल्यासारख्या मध्ये अडकलेल्या माणसानेच करावे. दोन्ही बाजूंचे ऐकलेला तोच असतो.

प्रश्न : आमचे गाव खारपाणपट्ट्यात आहे. कालव्याचे पाणी येणार असे ऐकतो. ते आले की जमीन सुधारेल ना? (तालुका दर्यापूर, जिल्हा अमरावती)

उत्तर : सरसकट सुधारेल असे म्हणता येत नाही. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याच्या या पट्ट्यात भूजल खारट आहे आणि मातीत सोडियमचे प्रमाण अधिक असल्यामुळे ती पाणी मुरू देत नाही. अशा जमिनीला भरपूर पाणी दिले आणि निचऱ्याची सोय केली नाही, तर खालचा क्षार वर चढतो आणि आज जिरायत हरभरा देणारे वावर उद्या पांढरे पडू शकते. माणसाने ठरवले की निसर्ग वाकतो, अशी समजूत करून घेणाऱ्यांसाठी हा पट्टा चांगला धडा आहे. येथील लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जिरायत कापूस, ज्वारी, मूग, हरभरा यांवर जे निभावले, ते अज्ञानातून नव्हे. कालवा आलाच तर निचऱ्याचे चर आधी मागा, पाणी नंतर. शिवाय पावसाचे गोडे पाणी शेततळ्यात साठवून एक-दोन संरक्षित पाळ्या देणे, ही या मातीला झेपणारी वाट आहे. विहिरीचे पाणी ओलितासाठी वापरण्यापूर्वी ते तपासून घ्यावे.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. हा विषय मुलांना पुस्तकातून शिकवला तर रटाळ होतो. गावातच तो कसा शिकवता येईल? (तालुका नागभीड, जिल्हा चंद्रपूर)

उत्तर : आपल्या तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. तेथील दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्याने 1983 मध्ये आपल्या ‘पटेल 3’ जातीच्या धानात वेगळ्या दिसणाऱ्या तीन लोंब्या पाहिल्या, त्यांचे बी वेगळे ठेवले, पुढची काही वर्षे ते निवडत वाढवले, आणि त्यातून बारीक दाण्याचे जे धान तयार झाले त्याला त्या वेळी लोकप्रिय असलेल्या घड्याळावरून ‘एचएमटी’ हे नाव पडले. दादाजींचे 2018 मध्ये निधन झाले. मुलांना आधी बांधीत नेऊन एकाच जातीच्या धानातील दहा लोंब्या वेगवेगळ्या कशा आहेत ते पाहायला लावा आणि मग ही गोष्ट सांगा. क्रम उलटा केला तर ती चरित्राचा धडा होऊन बसते.

त्यानंतर गावचा नकाशा घ्यावा. तलाठ्याकडून गावनकाशा मिळतो. तहसील कचेरीत निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज असतात, ज्यांत चराईची जागा, सरणाची जागा, तलावाचे पाणी, रस्ते यांवरचे गावाचे हक्क नोंदलेले आहेत. ती यादी घेऊन मुलांनी गावात फिरावे आणि प्रत्येक जागा आज कशी आहे, कोण वापरते, कधीपासून बदलली, हे लिहावे. उपग्रहाचे जुने आणि नवे छायाचित्र मोबाइलवर शेजारी ठेवून पाहता येते, पण ते शेवटी दाखवावे. आधी दाखवले तर मुले पायी फिरत नाहीत. म्हाताऱ्या माणसांना ‘पूर्वी कसे होते’ असे मोघम विचारू नये, कारण मग सगळे काही सोन्याचे होते असेच उत्तर येते. सरपण कोठून आणत होता, गुरे कोण चारत होते, तलावाची पाळ फुटली तेव्हा कोण धावले, धान कापायला किती माणसे लागत, असे विचारावे. बायांना मुलींनी विचारावे. पाणी, सरपण, रानभाज्या यांची माहिती त्यांच्याकडे अधिक असते आणि पुरुषांसमोर त्या ती सांगत नाहीत. वाघाचा वावर असलेल्या भागात ही फिरती सकाळी उशिरा, मोठ्या गटाने आणि गावातील जाणत्या माणसाला बरोबर घेऊनच करावी, आणि मोहाच्या हंगामात जंगलाकाठचा भाग वगळावा. मुलांनी गोळा केलेल्या नोंदींची एक प्रत ग्रामपंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीसाठी द्यावी. ती नोंदवही ठेवणे 2002 च्या कायद्यानुसार स्थानिक समितीचे काम आहे, आणि पुष्कळ ठिकाणी तिची पाने अजून कोरी आहेत.